खालचं ठेवायचं

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या प्रयोगशाळेत एक गृहस्थ काम करतात. सगळे त्यांना फॅटकाका म्हणतात. स्वतः इतके किडकिडीत, की लांबून बघितलं तर पांढरा कोट खुंटीलाच लटकलाय असं वाटावं. नव्या माणसाला हे नाव म्हणजे टवाळी वाटते. काकांनी ते कधी मनावर घेतलं नाही. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही फारसं हाताळलेलंच नाही. चोवीस वर्षं दुधातलं फॅट, त्यानंतर आठ वर्षं माणसातलं.

दूध डेअरीत ते तपासनीस होते. काचेच्या फुगीर नळीत ॲसिड, त्यावर दूध, मग बूच लावून हलवायचं. नळी हाताला चटका देण्याइतकी तापायची. ती यंत्रात घालून गरगर फिरवली की वर एक पिवळसर, पारदर्शक थर उभा राहायचा. तो किती रेघा चढला ते वाचायचं, मोठ्याने सांगायचं, आणि खालचं काळपट पाणी मोरीत ओतायचं. दिवसाला दोनशे-अडीचशे नळ्या. चोवीस वर्षांच्या एकूण किती झाल्या याचा गुणाकार काकांनी एकदा करायला घेतला होता आणि मध्येच सोडून दिला होता. वर येतं ते आपलं, खाली बसतं ते टाकायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मनगटाला आपोआप समजलं होतं.

मग डेअरीत एक पेटी आली. तिच्यात दूध ओतलं की अर्ध्या मिनिटात आकडा. नळ्या गेल्या, काकाही गेले. रुग्णालयाला तेव्हा मोजून ओतणारा आणि हात न थरथरणारा माणूस हवा होता. मुलाखतीला मोठ्या मॅडम होत्या, म्हणजे विभागप्रमुख. त्यांनी विचारलं, "माणसाच्या चरबीवर काम करायला किळस नाही ना वाटणार?"

"जनावरांच्या फॅटवर चोवीस वर्षं जेवलो, मॅडम. माणसाचं काय वाईट?"

मॅडम हसल्या नाहीत, पण नोकरी मिळाली.

इथलं काम असं. एखाद्याच्या पोटावरची किंवा मांडीवरची चरबी डॉक्टर बारीक नळीने ओढून काढतात. ती बर्फाच्या डब्यात, मोठ्या सिरिंजमध्ये येते. केशरी, गोळ्या-गोळ्यांची, रक्ताने माखलेली. चरबी म्हणजे नुसती चरबी नसते. तिच्या आत एक जाळं असतं, आणि त्या जाळ्यात, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून, काही लहान पेशी बसलेल्या असतात. त्यांचं अजून काही ठरलेलं नसतं. हाड व्हायचं, कूर्चा व्हायचं, की इथेच राहून चरबी व्हायचं. त्यांना मूलपेशी म्हणतात. प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या, तिशीच्या आतल्या छोट्या मॅडम म्हणतात, "पदवी झालीय, नोकरी ठरायचीय, अशी मंडळी."

ही मंडळी बाहेर काढायची तर चरबी आधी धुवावी लागते. मिठाच्या पाण्यात हलवून उभी ठेवली की चरबी वर तरंगते आणि रक्ताळलेलं पाणी खाली उरतं. खालचं ओढून टाकायचं, वरचं ठेवायचं. असं चारदा. मग त्यात एन्झाइम घालून कोमट पाण्याच्या हलत्या टबात एक तास. एन्झाइम जाळं खातं, पेशी सुट्या होतात. मग यंत्रात फिरवायचं, आणि इथे सगळं उलटं होतं. तेल आणि चरबी वर येते, ती टाकायची. नळीच्या तळाशी एक लालसर ठिपका बसतो, मसुराच्या दाण्याएवढा. तेवढाच ठेवायचा.

म्हणजे त्या एका तासाच्या अलीकडे वरचं आपलं आणि पलीकडे खालचं आपलं. काम तेच, नळी तीच, हात तेच. आठ वर्षांत काकांनी सहाशेवर नमुने असे पार पाडले होते. तो तास म्हणजे त्यांच्या लेखी एक उंबरठा होता, आणि पाय उचलायचा हे पायाला ठाऊक होतं.

त्या मंगळवारी सर्जन स्वतः डबा घेऊन वर आले. सिरिंज निम्मीही भरलेली नव्हती.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच निघालं. शिवण शिकवणाऱ्या बाई आहेत. अंगावर मांसच नाही, तर चरबी कुठली? पोट, मांड्या, सगळीकडून खरवडून तीस मिली जमवलंय. जपून, काका. पुन्हा काढायची वेळ आली तर कुठून काढू, मलाच माहीत नाही."

नियमाप्रमाणे काकांना फक्त नमुन्यावरचे आकडे कळायला हवे होते. चार शून्य सात एक नऊ. पण सर्जन बोलके होते. बाईंच्या मानेजवळच्या गाठीवर किरणांचा उपचार झाला होता. गाठ गेली, पण गळ्याच्या हाडावरची कातडी दीड वर्ष भरून येत नव्हती. त्यांच्याच चरबीतल्या पेशी काढायच्या, वाढवायच्या आणि जखमेभोवती सोडायच्या, असा एक अभ्यास चालू होता. जखम भरेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर अभ्यास.

काकांनी चार वेळा धुतलं. वरचं ठेवलं, खालचं टाकलं. एन्झाइम घातलं, टब चालू केला, घड्याळ लावलं. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बायको होती. ती एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि सकाळी आधी घराबाहेर पडते.

"अहो, कुलूप लावलंत का?"

"कशाचं?"

"कशाचं काय, घराचं! रात्रीपासून ती कडी अडकतेय, म्हणून विचारलं."

"लावलं असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे लावलं."

"चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस तुम्ही. नीट आठवून सांगा."

काका आठवू लागले. दार ओढल्याचं आठवत होतं. किल्ली हातात होती हेही आठवत होतं. पण ती किल्ली आजची होती की कालची? रोज तीच किल्ली, तेच दार, तोच हात. एवढ्या सकाळी एकावर एक रचलेल्या, त्यातून आजची वेगळी कशी काढायची? त्यांच्या वडिलांचं असंच कुलपापासून सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ते स्वतःच्या मुलाला फार आदराने विचारायचे, "आपण कुणाकडचे?"

तास संपला. टबाची शिटी वाजली. काकांनी दोन नळ्या भरल्या, यंत्रात समोरासमोर ठेवल्या, फिरवल्या, काढल्या, निर्जंतुक हवेत काम करायच्या काचेच्या कपाटासमोर बसले. आणि मनात दार ओढत राहिले, किल्ली शोधत राहिले.

भानावर आले तेव्हा दोन्ही नळ्या समोर उभ्या होत्या. दोन्हींत वर पिवळं, दाट फॅट. दोन्हींच्या खाली काही नाही. तळ स्वच्छ, धुतल्यासारखा. हातात ओढून घ्यायची लांब नळी होती आणि तिचं दुसरं टोक टाकाऊच्या बाटलीत होतं. त्या बाटलीत जंतुनाशक असतं. त्यात पडलेलं जिवंत राहत नाही, आणि त्याचा रंगही राहत नाही.

काकांनी एक नळी उजेडासमोर धरली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

लाल ठिपका होता का? होता, आणि आपण तो ओढून टाकला? की नव्हताच, खाली नुसतं पाणी होतं, ते ओढलं आणि वरचं पुन्हा एकदा बघायला ठेवलं? किरणांचा उपचार झालेल्या, अशा वाळलेल्या शरीरातून कधी कधी काहीच निघत नाही. आठ वर्षांत चार-पाचदा असं झालं होतं. त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे कुलूप आलं.

"काका, किती निघालं?" छोट्या मॅडम मागे उभ्या होत्या.

"खाली काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बघा की."

छोट्या मॅडमनी नळी घेतली, तिरकी केली. "आणि हे वरचं अजून का ठेवलंय?"

छोट्या मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे.

"परत फिरवून बघायला ठेवलं असेल ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"असेल," काका म्हणाले, आणि सकाळपासून हा शब्द आपण दुसऱ्यांदा वापरतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

पुन्हा फिरवून बघितलं. तळाला काही आलं नाही. वरचं फॅट काका टाकणार होते, तेव्हा छोट्या मॅडमनी नळ्या धरल्या.

"टाकू नका, मला द्या. उरलेलं संशोधनाला वापरायला बाईंनी सही दिलीय." त्यांनी ते एका चपट्या बाटलीत घातलं आणि ती बाटली पोषक द्रवाने गळ्यापर्यंत, एक बुडबुडाही राहू नये अशी भरली.

"हे काय चाललंय?"

"फॅटच्या पेशी तरंगतात, काका. तळाला जातच नाहीत. मग त्यांना बाटलीच्या छतालाच जागा द्यायची. चिकटल्या तर चिकटल्या. चिकटल्या की हळूहळू आतलं तेल सोडतात म्हणे."

"आणि त्या बाईंना चालतील?"

"नाही हो. उपचाराला नाही चालणार, तशी परवानगी नाही. हे आपलं आपल्यापुरतं."

मग त्यांनी कागद आणला. नमुना वाया गेला की तो भरावा लागतो. खाली दोन चौकोन होते. वरच्यापुढे लिहिलं होतं 'पेशी मिळाल्या नाहीत', खालच्यापुढे 'हाताळणीत चूक'.

"वरच्यावर खूण केली तर?" काकांनी विचारलं.

"तर यांच्या चरबीतून पेशी निघत नाहीत असं धरतात. बाईंचं नाव अभ्यासातून कमी."

"आणि खालच्यावर?"

"मग एकदा पुन्हा नमुना घेता येतो, बाई हो म्हणाल्या तर. पण काका, मग चौकशी होते. हे टेबल तुमच्याकडे राहणार नाही."

"तिसरा चौकोन नाही?"

"कसला?"

"आठवत नाही, असा."

"नाही," छोट्या मॅडम म्हणाल्या. "उद्या बारापर्यंत द्यायचाय."

संध्याकाळी काका घरी पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. बायको जिन्यात पिशवी घेऊन उभी. "लावलंच होतंत की! उगाच दिवसभर माझ्या जिवाला घोर."

काकांनी कुलूप हातात घेतलं, ओढून बघितलं. "मग मला आठवत का नाही?"

"आठवायला कशाला हवं? तुमच्या हाताला माहीत असतं. इतकी वर्षं चहात साखर घालताय, घातल्याचं एकदा तरी आठवतं का?"

तिने हे धीर द्यायला म्हटलं होतं. काकांनी मात्र त्यातून दुसरंच घेतलं. हाताने त्यांना न सांगता कुलूप लावलं होतं. मग त्याने आणखी काय काय केलं असेल? खुर्चीत बसून त्यांनी उजवा हात उलटा-पालटा करून बघितला, परक्याचा बघावा तसा.

जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चूक तुमची, नाहीतर त्या बाईच्या शरीराची. असंच ना?"

"असंच."

"तुम्हाला स्वतःलाच ठाऊक नाही."

"नाही ना."

"आणि बाईला यातलं काहीच ठाऊक नाही."

"तिला कुठून असणार?"

"मग ती आता घरी बसून काय म्हणत असेल?" बायको ताट उचलत म्हणाली. "काढलंय, चाललंय काम, असंच ना?"

काका हात धुवायला गेले आणि हात धुऊन झाल्यावरही नळाखालीच उभे राहिले.

सकाळी दाराला कुलूप लावताना ते मोठ्याने म्हणाले, "लावलं." शेजारीण जिना उतरत होती, ती म्हणाली, "अभिनंदन!" तीन पायऱ्या उतरून ते परत वर गेले आणि कुलूप ओढून बघितलं. शेजारीण खालून वर बघत राहिली.

साडेअकराला कागद समोर घेऊन ते बसले. दोन चौकोन, एक पेन. खरं काय ते लिहायचं म्हटलं तर दोन्ही कोरे ठेवायला हवे होते. वरचा चौकोन खोटा ठरला असता असंही नाही, आणि तिथे खूण केली असती तर टेबल राहिलं असतं. पण मग शिवणाच्या बाईंच्या नावापुढे कायमचं लागलं असतं की यांच्यातून काही निघत नाही. माहीत नसणं काकांचं होतं. ते त्या बाईंच्या अंगावर का टाकायचं? त्यांनी खालच्या चौकोनात खूण केली. खूण वाकडी आली.

मोठ्या मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला. "तुम्हाला खात्री आहे, की पेशी होत्या आणि तुम्ही टाकल्यात?"

"नाही."

"मग इथे खूण कशी केलीत?"

काका म्हणाले, "मॅडम, डेअरीत एखाद्या नळीचं बूच नीट बसलं नव्हतं अशी शंका आली, तर आम्ही त्या नळीचा आकडा धरत नव्हतो. अमक्याचं दूध पातळ, असं लिहीत नव्हतो. दुसरी नळी लावायचो."

"इथे दुसरी नळी म्हणजे बाईंना पुन्हा टेबलावर घ्यायचं. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

मोठ्या मॅडमनी चष्मा लावून सही केली. काकांकडे बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं आणि पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं तापमान तासातासाला टिपायचं काम आलं. आठ वर्षांची खुर्ची दोन हात पलीकडे सरकली, एवढंच. पण तिथून ते काचेचं कपाट दुसऱ्याच कुणाच्या घरातलं दिसायचं.

बाईंना सांगायला सर्जनबरोबर काका गेले. त्यांनीच तसं मागितलं होतं.

खिडकीशेजारच्या खाटेवर बाई बसल्या होत्या. गळा झाकणारी उंच कॉलर स्वतःच शिवलेली असणार. मांडीवर एक कापड पसरून एका हाताने दुमड घालत होत्या. दुसरा हात खांद्यापासून जपून धरलेला.

सर्जन म्हणाले, "हे प्रयोगशाळेतले. तुमच्या नमुन्याचं काम यांच्याकडे होतं."

"वाढल्या का हो माझ्या पेशी?"

"नमुना वाया गेला," काका म्हणाले. "माझ्या हातून. बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक."

सर्जन खिडकीबाहेर बघू लागले.

"बहुतेक म्हणजे काय हो? गेला की नाही गेला?"

"गेला. तो गेला हे नक्की. खालचं ठेवायचं असतं आणि वरचं टाकायचं. नळीत उरलं ते वरचं. खाली काही होतं आणि मी ते टाकलं, की मुळात निघालंच नव्हतं, हे मला सांगता येत नाही. मी चूक माझी असं लिहून दिलंय."

बाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. "मांडी बघायची का माझी? जांभळी झालीय. कुशीवर झोपता येत नाही. आणि तुम्ही येऊन सांगता, बहुतेक!"

"हो."

"हो काय, हो?"

बाई रागाने भिंतीकडे बघत राहिल्या. मग भिंतीलाच सांगावं तसं बोलू लागल्या.

"एका गिऱ्हाइकाचा कोट होता. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या मी. बावीस वर्षं मुलींना ओरडतेय, दुसरी बाही कापताना कापड उलटून घ्या गं, उलटून घ्या. आणि स्वतः उलटायला विसरले. की उलटून परत उलटलं? तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय! कापड होतं थोडं. जोड देऊन उजवी बाही केली. त्याला काही समजलं नाही. पण तो रस्त्यात दिसला की मला माणसाच्या आधी बाही दिसायची." त्या सर्जनकडे वळल्या. "डॉक्टर, कापड उरलंय का माझ्यात?"

"गुडघ्यांच्या आतल्या बाजूला थोडं आहे. या वेळी पंधरा मिलीच्या वर मिळणार नाही. मांडी बरी झाली की बघू."

"मग घ्या. पण हे गृहस्थ तिथे हवेत."

"यांचं टेबल काढून घेतलंय," सर्जन म्हणाले.

"टेबल नको. माणूस हवा. नवा आणाल तर तो पहिल्यापासून चुकायला सुरुवात करेल."

तीन आठवड्यांनी दुसरा नमुना आला. पंधरा मिलीही नाही, तेरा. या वेळी काचेच्या कपाटासमोर छोट्या मॅडम बसल्या आणि शेजारच्या स्टुलावर काका. मोठ्या मॅडमनी कामाच्या पद्धतीत एक ओळ वाढवली होती आणि ती कपाटाच्या काचेवर चिकटवली होती: 'येथून पुढे खालचा थर ठेवणे. दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने सांगणे.' काकांचं काम एवढंच होतं. योग्य वेळी एक शब्द मोठ्याने सांगायचा.

त्यांनी फोन बंद करून खणात ठेवला होता. कुलूप लावताना सकाळी दोनदा 'लावलं' म्हटलं होतं. चार धुणी झाली. तो तास त्यांनी टबासमोर उभं राहून काढला, मनात दुसरं काही येऊ नये म्हणून पाण्याच्या लाटा बघत. नळी एकच होती, यंत्राचा तोल राखायला समोर तेवढंच पाणी भरलेली दुसरी. यंत्र फिरलं, थांबलं. छोट्या मॅडमनी नळी उचलून उजेडात धरली.

"काका?"

काकांनी तोंड उघडलं. दोन्ही शब्द एकदम जिभेवर आले.

वर पिवळं फॅट उभं होतं, स्वच्छ, एकसारखं, रेघ मोजावी असं. चोवीस वर्षं त्यांनी तेच वाचलं होतं. नजर खाली जाईना. खाली जायचं हे त्यांना माहीत होतं, तीन आठवडे तेवढंच घोकलं होतं, पण आता ते घोकलेलं नक्की काय होतं? की जे घोकलंय त्याच्या उलटं करायचंय?

"काका, सांगा ना."

"थांबा." ते उठले, काचेवरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या मुलासारखं अक्षर न् अक्षर वाचलं. "खालचं. खालचं ठेवायचं."

"नक्की?"

"इथे लिहिलंय," काका म्हणाले.

छोट्या मॅडमनी वरचं अलगद ओढून टाकलं, मग मधलं पाणी. तळाशी लालसर ठिपका राहिला. मसुराएवढा नव्हता. मोहरीएवढा असेल.

"बघितलात?"

काका वाकून बघत राहिले. हाच ठिपका त्या मंगळवारी बघितला होता का? आता त्यांना स्पष्ट दिसत होता, नळीच्या तळाशी, लाल, हलकेच हलणारा. त्या दिवसाचाही तसाच दिसत होता. पण तो आज बघितल्यामुळे त्या दिवशी जाऊन बसला, की तिथे आधीपासून होता? बाईंच्या शरीरातून पेशी निघतात, हे तर सिद्ध झालं. म्हणजे चूक त्यांचीच. बहुधा. किंवा गुडघ्यातून निघतात आणि पोटातून निघत नाहीत. त्यांनी डोळे चोळले.

सहाव्या दिवशी छोट्या मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. एक बाटली ठेवली. काकांनी बघितलं. प्लास्टिकला चिकटून लांबट, टोकदार पेशी पसरल्या होत्या, चरख्याच्या चात्या सांडाव्यात तशा. मग त्यांनी दुसरी बाटली ठेवली. त्यातही तशाच.

"यातली एक आताची, तळातली. दुसरी पहिल्या नमुन्यातली, छताला चिकटलेली. त्यांनी तेल टाकून दिलं आणि अशा झाल्या. सांगा बघू, कुठली कुठली?"

काकांनी आलटून पालटून चारदा बघितलं. "सारख्याच आहेत."

"मलाही सारख्याच दिसतात."

"मग जे टाकायचं होतं, ते—"

"ते मला विचारू नका, काका. मलाच अजून कळायचंय."

काकांनी मान वर केली आणि पहिल्यांदा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. त्या त्यांनीच लावल्या होत्या. दोन्हींवर चार शून्य सात एक नऊ. एकीवर पुढे 'उपचारासाठी', दुसरीवर 'उपचारासाठी नाही'. त्या दिवसापासून त्यांनी दुसरी बाटली वेगळ्या कपाटात, वेगळ्या फळीवर ठेवायला लावली आणि तिच्या झाकणावर लाल फुली मारली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, एवढ्याची गरज नाही, चिठ्ठी आहे. काका म्हणाले, "चिठ्ठी मी लावलीय, मॅडम, म्हणून."

आणखी तीन आठवड्यांनी, सगळ्या तपासण्या झाल्यावर, पेशींची छोटी नळी डब्यात घालून काकाच खाली घेऊन गेले. बाई टेबलावर पडल्या होत्या, कॉलर उघडलेली. जखम काकांना पहिल्यांदाच दिसली. अंगठ्याच्या नखाएवढी, कडा कोरड्या. एवढ्याशा जागेसाठी हे सगळं.

"माझंच आहे ना हो?" बाई म्हणाल्या. "की बहुतेक?"

सर्जन हसले. काका हसले नाहीत. त्यांनी नळी उजेडात धरली, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"तुमच्या मनगटावरचा आकडा वाचा. मी इथला वाचतो. एकेक. चार."

"चार," बाई पट्टी बघत म्हणाल्या.

"शून्य."

"शून्य."

"सात."

"सात. एक. नऊ." बाईंनी उरलेले दोन एकदम सांगून टाकले. "झालं? जुळलं?"

सर्जननी हात पुढे केला. काकांनी नळी दिली नाही. आकडे जुळले होते, त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. पण शेवटचे दोन त्यांनी चिठ्ठीवर वाचले, की बाईंच्या तोंडून ऐकले?

"परत एकदा," ते म्हणाले. "पहिल्यापासून. सावकाश."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग मनगट डोळ्यांजवळ आणलं आणि पोरींना टाके मोजायला शिकवावं तसं, प्रत्येक आकड्यानंतर थांबत वाचायला लागल्या.